घरच्या ब्रॉयलर मॅशमध्ये एंझाइम: किती घालायचं, बदल्यात काय काढायचं आणि कुठे चुकतं

कंपनीशी करार करून पक्षी सांभाळत असाल, तर वरून एंझाइम घालायच्या भानगडीत पडू नका. कंपनीच्या खाद्यात ते बहुधा आधीच असतं आणि त्याचा हिशेब धरूनच फॉर्म्युला बसवलेला असतो. दुकानातून तयार पेलेट आणणाऱ्यांनाही हेच लागू. हा लेख आहे बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या त्या लोकांसाठी, जे पहिले दहा दिवस बाजारचं प्री-स्टार्टर क्रंबल, म्हणजे लहान पिल्लांचं दाणेदार खाद्य देतात आणि पुढे मका-सोया आणून स्वतःच्या ग्राइंडर-मिक्सरवर मॅश, म्हणजे भरडून मिसळलेलं खाद्य बनवतात. लॉट हजार-दोन हजार पक्ष्यांचा, मिक्सर अर्ध्या टनाचा, असं धरून चाललो आहोत.

पहिली गोष्ट, एंझाइम म्हणजे टॉनिक नाही. ते खाद्यात नवीन काही आणत नाही. मका-सोयात आधीपासून असलेलं, पण न पचता विष्ठेतून बाहेर पडणारं सोडवून देतं, एवढंच त्याचं काम. त्यामुळे फॉर्म्युल्यातून काहीतरी कमी केलं तरच पैसे वाचतात. फॉर्म्युला तसाच ठेवून वर चमचाभर पावडर टाकणारे बरेच जण दोन लॉटनंतर ‘काही फरक पडला नाही’ म्हणून बंद करतात. फरक दिसेल कसा? फॉस्फरस आधीच पुरेसा होता, त्यात आणखी सुटला आणि लिटरमध्ये, म्हणजे शेडमधल्या भुशाच्या गादीत गेला.

सुरुवात फायटेजपासूनच

मक्यात एकूण फॉस्फरस पाव टक्क्याच्या थोडा वर आणि सोया डीओसीत, म्हणजे तेल काढलेल्या सोयापेंडीत ०.६५ टक्क्यांच्या आसपास असतो. पण त्यातला साधारण दोन तृतीयांश फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि तो फोडण्याची कोंबडीच्या पोटाची ताकद तुटपुंजी असते. म्हणून आपण बाहेरून डीसीपी म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट घालतो. फायटेज नावाचं एंझाइम हे कुलूप उघडतं, म्हणून डीसीपी कमी करता येतं. डीसीपी हा खनिजांतला सगळ्यात महाग माल, त्यामुळे नवख्या माणसाला हिशेब दिसतो तो इथेच.

झायलनेज आणि तत्सम तंतुमय भाग फोडणारी एंझाइमं दुसऱ्या टप्प्यावर. खाद्यात गहू असेल तर त्यांचा उपयोग ठळक दिसतो, कारण गव्हातला विरघळणारा तंतू आतड्यात चिकट होतो आणि विष्ठा पातळ पडते. निव्वळ मका-सोयाच्या मॅशमध्ये तो चिकटपणा फारसा नसतो, म्हणून फायदाही बेताचा. प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं फोडणारं एंझाइम, तिसऱ्या क्रमांकावर. सोया नीट भाजलेला नसेल तर प्रोटिएज ती चूक पुरती झाकत नाही, सोया बदलावा लागतो. बीटा-मॅननेज या एंझाइमचा विचार गवार कोरमा (गवारीच्या बियांची पेंड) वापरणाऱ्यांनी जरूर करावा.

आपल्या भागात एक मोह हमखास होतो. डाळ मिलची तूर चुणी स्वस्त मिळते, सूर्यफूल आणि करडईची पेंड मिळते, आणि ‘एंझाइम घातलंय, पचवून टाकेल’ म्हणून दहा-बारा टक्के चुणी ढकलली जाते. चुणीतल्या सालाचा मोठा भाग काष्ठतंतू असतो. ब्रॉयलरच्या पोटातून खाद्य काही तासांत बाहेर पडतं आणि तेवढ्या वेळात कुठलंही एंझाइम सालाचं पीठ करू शकत नाही. चुणी असो वा सूर्यफूल पेंड, ५ टक्क्यांच्या वर जाऊ नका. स्टार्टरमध्ये, म्हणजे प्री-स्टार्टरनंतरच्या पहिल्या मॅशमध्ये तर घालूच नका.

ज्वारीचंही सांगून टाकतो. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती माणसांच्या भाकरीची ज्वारी आहे आणि तिच्या भावात ती कोंबडीला परवडत नाही. खाद्यासाठी स्वस्तात येते ती बहुतेक पावसात भिजून काळी पडलेली खरिपाची. तिच्यात बुरशी असते आणि बुरशीच्या विषावर फायटेज-झायलनेजचा काडीचा उपयोग नाही. नोव्हेंबरच्या ओल्या मक्यालाही हेच लागू. १२-१३ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला मका आधी वाळवा, एंझाइमचं नंतर बघू.

पुडा घेताना

फायटेजची ताकद एफटीयू या एककात लिहितात. बाजारात ग्रॅमला २५००, ५००० आणि १०,००० एफटीयूचे पुडे असतात. नेहमीचा डोस किलो खाद्याला ५०० एफटीयू. म्हणजे टनाला:

२५०० चा असेल तर २०० ग्रॅम
५००० चा असेल तर १०० ग्रॅम
१०,००० चा असेल तर ५० ग्रॅम

दुकानदार ‘टनाला शंभर ग्रॅम टाका’ असं तोंडी सांगतो. पुड्यावरचा आकडा वाचल्याशिवाय ते मानू नका. २५०० चा पुडा शंभर ग्रॅमने घातला तर निम्माच डोस जातो, डीसीपीची कपात मात्र तुम्ही पूर्ण केलेली असते. पक्षी लंगडायला एवढी चूक पुरते.

दहा-बारा एंझाइमांची नावं छापलेला, पण एकाचीही ताकद न लिहिलेला ‘कॉकटेल’ पुडा घेऊ नका. झायलनेजची एककं तर कंपनीगणिक वेगळी असतात, त्यामुळे एकाचे १६,००० आणि दुसऱ्याचे ४०,००० यांची तुलना होत नाही. विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा: बॅचचं तपासणी प्रमाणपत्र, उत्पादनाची तारीख आणि ‘मॅट्रिक्स’. त्या डोसला किती उपलब्ध (पक्ष्याला पचू शकणारा) फॉस्फरस, किती कॅल्शियम आणि किती ऊर्जा धरायची याचा तो तक्ता असतो. मॅट्रिक्स देता येत नसेल तर माल घेऊ नका.

दोन हजार पक्ष्यांच्या एका लॉटला स्टार्टर आणि फिनिशर मिळून साधारण सहा टन मॅश लागतो, म्हणजे ५००० एफटीयूचं फायटेज फक्त ६०० ग्रॅम. स्वस्त पडतो म्हणून २५ किलोचा ड्रम आणला, तर अर्ध्याहून जास्त मुदतीबाहेर जाईल. किलोचे पुडे घ्या.

डीसीपी किती काढायचं

समजा तुमचा स्टार्टर टनाला असा आहे: मका ५७८ किलो, सोया डीओसी ३५०, तेल ३०, डीसीपी १७, एलएसपी म्हणजे चुन्याच्या दगडाची पावडर ९, मीठ २.५, खायचा सोडा १.५, लायसिन-मिथिओनिन-थ्रिओनिन मिळून ५, आणि व्हिटॅमिन-मिनरल, कोलीन, कॉक्सी या आतड्याच्या रोगावरची पावडर, टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष बांधणारा) मिळून ७. बेरीज बरोबर हजार.

यात उपलब्ध फॉस्फरस ०.४२ टक्के बसतो. मका-सोयाकडून टनाला जेमतेम १.१६ किलो येतो, बाकीचा डीसीपीतून. चांगल्या डीसीपीत १८ टक्के फॉस्फरस आणि २३ टक्के कॅल्शियम धरतात.

५०० एफटीयू फायटेजचा मॅट्रिक्स बहुतेक कंपन्या ०.१० ते ०.१५ टक्के उपलब्ध फॉस्फरस असा देतात. नवख्याने खालचा आकडा धरावा, तोही काठोकाठ नको. टनाला ०.९ किलो फॉस्फरस सुटेल असं धरलं तर ०.९ भागिले ०.१८, म्हणजे ५ किलो डीसीपी निघतं. १७ चे १२ झाले.

इथे थांबलात तर अर्धंच काम झालं. त्या ५ किलो डीसीपीबरोबर १.१५ किलो कॅल्शियमही गेलं. फायटेज थोडं कॅल्शियम सोडवतं, तेही ०.९ किलोच धरा. उरलेला पाव किलोचा खड्डा भरायला एलएसपी ९ वरून १० किलो करा. एलएसपीत ३८ टक्के कॅल्शियम असतं, त्यामुळे एक किलोने काम भागतं. रिकामी झालेली सुमारे ४ किलोची जागा मक्याने भरा.

एलएसपी हातावर मोजून टाकू नका. स्वस्त आहे म्हणून दोन-चार किलो जास्त पडलं तर बिघडत नाही, असा समज आहे. खरं तर फायटेज कमजोर पडण्याचं सगळ्यात सरसकट कारण हेच. जादा कॅल्शियम फायटेटला जाऊन चिकटतं आणि मग एंझाइमला ते फोडता येत नाही. एकूण कॅल्शियम उपलब्ध फॉस्फरसच्या दुपटीच्या आसपास राहू द्या. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, म्हणून दोष पाण्यावर ढकलला जातो. पण लिटरला ५०० मिलिग्रॅम कठीणपणा असला आणि तो सगळा कॅल्शियमचाच धरला, तरी पाण्यातून येणारं कॅल्शियम खाद्याच्या ०.०४ टक्क्यांइतकंच भरतं. टनाला तीन किलो जादा एलएसपी म्हणजे ०.११ टक्के.

परवडतं का, हे काढायला पाच मिनिटं लागतात. आकडे फक्त रीत दाखवायला घेतो: डीसीपी ५० रुपये किलो, एलएसपी ५, मका २४. वाचले २५०, एलएसपीला गेले ५, मक्याला सुमारे ९४. निव्वळ उरले टनाला १५१ रुपये. मग १०० ग्रॅम फायटेज १५१ रुपयांच्या आत, म्हणजे किलोला साधारण १५०० च्या आत पडलं तरच फायदा. तुमच्या भावाने हेच गणित प्रत्येक खरेदीला करा, कारण डीसीपीचा भाव उतरला की फायदा आकसतो.

झायलनेजचा मॅट्रिक्स ऊर्जेत असतो. कंपन्या किलोला ५० ते १०० किलोकॅलरी सांगतात. सुरुवातीला टनाला फक्त ५ किलो तेल काढून तेवढा मका घाला. त्यात किलोला २७ किलोकॅलरीच जातात, तेवढी भर एंझाइम काढून देतं. दोन-तीन एंझाइमं एकत्र वापरताना प्रत्येकाचा मॅट्रिक्स पूर्ण धरून बेरीज करू नका. ज्या घासातून एकाने काढून घेतलं, तिथे दुसऱ्याला कमीच उरतं.

मिसळणी

अर्ध्या टनाच्या बॅचला ५००० एफटीयूचं फायटेज लागतं ५० ग्रॅम. एवढी चिमूट थेट मिक्सरमध्ये टाकली तर काही पक्ष्यांना दुप्पट मिळेल, काहींना काहीच नाही. दिवसाला शंभर ग्रॅम खाणाऱ्या पक्ष्याच्या वाट्याला रोज १० मिलिग्रॅम पावडर येते. ती प्रत्येक घासात हवी.

१. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. तराजूवर अंदाजाने नको.

२. ५० ग्रॅम एंझाइम आणि अर्धा किलो बारीक मका पीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत घालून दोन मिनिटं हलवा. बरणी निम्मीच भरलेली असावी, नाहीतर आत काही फिरत नाही.

३. हे ५ किलो मका भरड्यात हाताने मिसळा, मग ते २५ किलोत. ताडपत्रीवर ढीग करून फावड्याने तीनदा जागा बदला.

४. मिक्सरमध्ये आधी निम्मा मका, मग सोया, मग हे २५ किलो आणि बाकीची खनिजं-औषधं, वर उरलेला मका. सगळं कोरडंच फिरवा. आडव्या रिबन मिक्सरला ४-५ मिनिटं, उभ्या स्क्रूच्या मिक्सरला १२ ते १५.

५. तेल शेवटी, बारीक धारेने. तेल आधी पडलं की गोळ्या होतात आणि पावडर त्या गोळ्यांत अडकते. तेल घातल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं.

उभ्या मिक्सरच्या तळाच्या तोंडाशी पहिल्या मिनिटाला जे भरडं-पीठ निघतं, ते नीट मिसळलेलं नसतं. पहिलं पोतं परत वर टाका. हे बहुतेक जण टाळतात.

तोंडाला मास्क बांधा, फडकं नको. एंझाइमची धूळ रोज नाकात गेली तर काहींना दम्यासारखी ॲलर्जी होते आणि एकदा झाली की थोड्या धुळीनेही उठते. पंखा बंद करून मोजा.

मॅशऐवजी भाड्याच्या मशीनवर पेलेट करून घेत असाल, तर वाफेचं तापमान विचारा. ८०-८५ अंशांना साधं पावडर एंझाइम बरंच मरतं. उष्णता सोसणारं, कोटिंग केलेलं घ्या आणि किती अंशांपर्यंत टिकतं ते लेखी घ्या.

साठवण

एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पारा ४२ च्या वर जातो. पत्र्याच्या गोडाऊनमध्ये आत त्याहून जास्त. तिथे ठेवलेला पुडा मुदतीच्या कितीतरी आधी ढिला पडतो आणि दिसायला तसाच पांढरा राहतो. पुडा राहत्या घरात, अंधाऱ्या कोरड्या खोलीत ठेवा, २५ अंशांच्या जवळ जमेल तेवढं. फ्रीजमध्ये ठेवायचा तर हवाबंद डब्यात, आणि बाहेर काढल्यावर तासभर झाकण उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

महिन्याभराचं एंझाइम व्हिटॅमिन-मिनरलच्या मिश्रणात कालवून ठेवायची सोय मोहात पाडते. ती करू नका. कोलीन क्लोराईड हवेतलं पाणी ओढतं, मोरचूद आणि बाकीची खनिजं एंझाइम खातात. त्या दिवसाच्या बॅचपुरतंच मिसळा. तयार मॅश उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांपुरताच करा.

उन्हाळ्याचं आणखी एक. पक्षी कमी खातो, म्हणजे प्रत्येक घटक कमी जातो. मार्चअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत डीसीपीची कपात ५ ऐवजी ३ किलोवर आणा आणि तेलाला हातच लावू नका. धान्यापेक्षा तेल पचवताना शरीरात उष्णता कमी तयार होते, त्यामुळे त्या दिवसांत पक्ष्याला तेच हवं असतं.

शेडमध्ये काय बघायचं

डीसीपी कमी केल्यावर चौदाव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत पायांवर नजर ठेवा. पक्षी उठायला कंटाळतो, ढोपरावर बसतो, पंखांचा आधार घेत सरकतो. मेलेल्या पक्ष्याचं पायाचं नळीचं हाड सोलून दोन्ही हातांनी मोडून बघा. निरोगी हाड काड्कन मोडतं. रबरासारखं वाकलं, चोचही दाबल्यावर लवली, तर फॉस्फरस, कॅल्शियम किंवा व्हिटॅमिन डी३ कमी पडतंय. कारण शोधत बसण्याआधी त्याच दिवशी डीसीपी पूर्ववत करा आणि पशुवैद्यकांना विचारून पाण्यातून डी३ द्या. मग उलट तपासा: पुड्यावरची ताकद, मोजणी, मिक्सरची वेळ, एलएसपी. बहुतेक वेळा या चौघांतलाच एक सापडतो.

लिटर ओलं झालं की लगेच एंझाइमकडे बोट जातं. आधी पाण्याचं निपल गळतं का, मीठ जास्त पडलं का आणि विष्ठेत रक्त आहे का ते बघा.

फायदा खरंच होतोय का हे कळायला शेड जाळीने दोन भागांत वाटा. एकाच गाडीची पिल्लं, दोन्हीकडे सारखी गर्दी, सारखी भांडी, एका बाजूला जुना फॉर्म्युला, दुसरीला नवा. प्रत्येक बाजूचं खाद्य वेगळं मोजून लिहा. दर आठवड्याला दोन्हीकडून ५०-५० पक्षी तोला, तेही शेडच्या तीन-चार कोपऱ्यांतून घेरून, कारण दारापाशी हाताला येणारे पक्षी बहुधा हळू चालणारे असतात. शेवटी एकूण खाद्य भागिले एकूण जिवंत वजन, म्हणजे एफसीआर काढा आणि त्याला खाद्याच्या भावाने गुणा. तुलना किलो कोंबडीमागच्या खाद्यखर्चाची करायची, नुसत्या एफसीआरची नाही. फायटेजचा डाव जमला तर एफसीआर दोन्हीकडे सारखाच येतो आणि खर्च एका बाजूला कमी होतो. एका लॉटमधल्या ०.०२-०.०३ च्या फरकावर काही ठरवू नका. पुढच्या लॉटला बाजू अदलाबदल करा, कारण पश्चिमेकडची बाजू दुपारी तापते आणि तिथले पक्षी तसेही कमी खातात.